बीई ६ई ते बीई ६: एक अक्षर गेलं, नाव मात्र आलंच नाही

२६ नोव्हेंबर २०२४ ला महिंद्राने चेन्नईत दोन नव्या इलेक्ट्रिक एसयूव्ही लोकांसमोर आणल्या. एकीचं नाव बीई ६ई, दुसरीचं एक्सईव्ही ९ई. अकरा दिवसांनी, ७ डिसेंबरला, पहिल्या गाडीच्या नावातलं शेवटचं अक्षर कंपनीने काढून टाकलं आणि गाडी नुसती 'बीई ६' झाली. इंडिगो विमानसेवा चालवणारी इंटरग्लोब एव्हिएशन तोवर दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचली होती. '६ई' हे आमचं चिन्ह आहे, ते मोटारीला वापरू नका, एवढंच तिचं म्हणणं.

बातम्यांमध्ये हे प्रकरण दोन मोठ्या कंपन्यांचं भांडण म्हणून आलं आणि तिथेच संपलं. मला त्यातला भांडणाचा भाग कमी महत्त्वाचा वाटतो. ज्या कंपनीने बोलेरो, स्कॉर्पिओ, थार ही नावं महाराष्ट्राच्या गावागावांत पोहोचवली, तिने आपल्या आजवरच्या सगळ्यात महत्त्वाकांक्षी गाडीला नावाऐवजी सांकेतिक क्रमांक का दिला, आणि नाव बदलायची आयती संधी चालून आली तेव्हाही ती का सोडली, हे मला यात पाहायचं आहे.

नाव आलं कुठून

१५ ऑगस्ट २०२२ ला महिंद्राने इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डशायरमधल्या बॅनबरी इथे, पाच इलेक्ट्रिक एसयूव्हींची प्रारूपं दाखवली. दोन एक्सयूव्ही घराण्यातली, एक्सयूव्ही.ई८ आणि एक्सयूव्ही.ई९. तीन नव्या घराण्यातली, बीई.०५, बीई.०७ आणि बीई.०९. 'बीई' म्हणजे 'बॉर्न इलेक्ट्रिक', जन्मापासूनच विजेवरची. पेट्रोल-डिझेलच्या गाडीतलं इंजिन काढून तिथे बॅटरी बसवलेली नाही, पाया घातला तोच बॅटरीसाठी, असा त्याचा अर्थ. कल्पना चांगली आहे. पण ती समजावून सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्याकडे 'बी.ई.' म्हटलं की कुणालाही आधी इंजिनिअरिंगची पदवीच आठवते.

प्रत्यक्ष गाडी येईपर्यंत बीई.०५ ची बीई ६ई झाली आणि एक्सयूव्ही.ई९ ची एक्सईव्ही ९ई. दोन वर्षं ज्या उत्साही मंडळींनी '०५' डोक्यात घोळवलं होतं त्यांना आता '६ई' शिकायचं होतं. शोरूममध्ये आधीच एक्सयूव्ही ७००, एक्सयूव्ही ३एक्सओ आणि एक्सयूव्ही ४०० अशी मंडळी होती. त्यांच्या शेजारी एक्सईव्ही ९ई उभी राहिली. ही पाच-सहा नावं एका दमात, न अडखळता म्हणून पाहा. मग प्रकारांचा थर वेगळाच: पॅक वन, पॅक वन अबव्ह, पॅक टू, पॅक थ्री सिलेक्ट, पॅक थ्री. त्यात बॅटरी ५९ किलोवॉट-तासांची की ७९ ची, हेही सांगावं लागतं. घरी फोन करून कोणती गाडी बुक केली हे सांगायचं तर माणसाला कागद बघून वाचावं लागतं.

अशा नावांमागे कारणं असतात, आणि ती उडवून लावण्यासारखी नाहीत. चांगले, सुटसुटीत शब्द जगभर कुणी ना कुणी आधीच नोंदवून ठेवलेले असतात. गाडी चार देशांत विकायची तर एखाद्या शब्दाचा कुठल्या तरी भाषेत भलताच अर्थ निघण्याची धास्ती असते. आकड्यांनी शिडी तयार होते. ६ पेक्षा ९ मोठी हे ग्राहकाला न सांगता कळतं. जर्मन कंपन्यांनी अशीच नावं वापरून महागड्या गाड्यांची एक ओळख तयार केली आहे, आणि जीपपासून सुरुवात केलेल्या महिंद्राला त्या रांगेत बसायचं आहे.

पण महिंद्राची स्वतःची परंपरा नेमकी उलटी. बोलेरो २००० सालची, स्कॉर्पिओ २००२ ची; दोन्ही नाशिकच्या कारखान्याशी जोडलेल्या. पुढे झायलो, क्वांटो, व्हेरिटो, मराझो. शेवटी 'ओ' येणारी नावं ही या कंपनीची खूणच होऊन बसली. २०११ साली एक्सयूव्ही ५०० आली तेव्हाही आकड्यातली शून्यं खरं तर 'ओ' अक्षरं होती आणि नावाचा उच्चार 'फाइव्ह डबल ओ' करायचा होता. तिथपर्यंत हट्ट होता, पण तो बोलण्यातला होता. बोलेरो हे स्पॅनिश नृत्याचं नाव आहे हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल? नसलं तरी काही अडलं नाही. 'बोलेरो आणली का', 'स्कॉर्पिओ दारात लाव', 'थार कुणाची आहे' ही वाक्यं मराठीत सहज बसली, कारण त्या नावांनी हाक मारता येते.

टाटांच्या सुमोचंही तसंच. टेल्कोला (आजच्या टाटा मोटर्सला) पुण्यात उभं करणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं जोडून ते नाव केलं, असं सांगितलं जातं. ही गोष्ट ठाऊक नसलेल्यांनीही वडापच्या थांब्यावर उभं राहून वर्षानुवर्षं 'सुमो आली' म्हटलंच.

अकरा दिवस

बीई ६ई हे नाव इंग्रजीत जसं लिहिलं गेलं तसं डोळ्यांसमोर आणा. दोन मोठी अक्षरं, मग मोकळी जागा, मग सहाचा आकडा, आणि त्याला चिकटून लहान लिपीतला ई. इंडिगोच्या चिन्हात आधी सहाचा आकडा आणि त्याला लागून मोठ्या लिपीतला ई. कागदावर फरक दिसतो. पण तोंडाने म्हणा: 'सिक्स ई'. लहान-मोठी लिपी कानाला कळत नाही. चिन्हांचा सारखेपणा ठरवताना आपली न्यायालयं नुसतं लिखाण पाहत नाहीत, उच्चारही विचारात घेतात. त्यामुळे हे निरीक्षण फक्त भाषेपुरतं राहत नाही, ते थेट दाव्याच्या मुळाशी जातं.

'६ई' इंडिगोने शोधून काढलेलं नाही. प्रत्येक विमान कंपनीला दोन वर्णांचा आंतरराष्ट्रीय संकेत मिळतो. एअर इंडियाचा एआय, स्पाइसजेटचा एसजी, बंद पडलेल्या जेट एअरवेजचा ९डब्ल्यू. लोहगाव विमानतळाच्या फलकावर किंवा बोर्डिंग पासवर उड्डाण क्रमांकाच्या आधी जे दोन वर्ण असतात ते हेच. बहुतेक कंपन्यांनी तो संकेत तिकिटापुरता ठेवला. इंडिगोने मात्र त्याची ओळख घडवली. ६ई प्राइम, ६ई फ्लेक्स, ६ई ईट्स, विमानात वाचायला ठेवलेलं 'हॅलो ६ई' मासिक. अठरा वर्षं हे चिन्ह आमच्या ओळखीचा भाग आहे, असं कंपनीने म्हटलं, आणि ते खरंच आहे.

दावा ३ डिसेंबरला न्यायमूर्ती अमित बन्सल यांच्यासमोर आला. त्यांनी सुनावणीतून स्वतःला बाजूला केलं आणि पुढची तारीख ९ डिसेंबरची पडली. त्या तारखेच्या दोन दिवस आधी महिंद्राने नाव बदलत असल्याचं जाहीर केलं. दावा लढणारच, असंही त्याच निवेदनात सांगितलं.

कायद्याच्या नजरेतून

भारतात व्यापारचिन्हं १९९९ च्या कायद्याखाली नोंदवली जातात, आणि चिन्ह नोंदवताना ते कशासाठी हे सांगावं लागतं. त्यासाठी ४५ वर्ग आहेत, ३४ वस्तूंचे आणि ११ सेवांचे. मोटारी बाराव्या वर्गात, वाहतूक सेवा एकोणचाळिसाव्यात. महिंद्राने 'बीई ६ई' साठी बाराव्या वर्गात अर्ज केला होता आणि गाडी दाखवण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, तो स्वीकारला गेला. अर्ज स्वीकारला म्हणजे चिन्ह नोंदलं गेलं, असा समज अनेकांचा झाला. तसं नसतं. स्वीकारानंतर अर्ज व्यापारचिन्ह नियतकालिकात छापला जातो आणि चार महिन्यांत कुणालाही हरकत घेता येते. त्या मुदतीनंतरच नोंदणीची वाट मोकळी होते. महिंद्राने मधल्याच टप्प्यावर नाव जगाला सांगितलं. मोटार उद्योगात हे सर्रास चालतं, पण धोका त्यातच असतो.

महिंद्राची बाजू साधी होती. आमचं चिन्ह पूर्ण 'बीई ६ई' असं आहे, सुटं '६ई' नाही. आम्ही मोटार विकतो, ते विमानप्रवास. गोंधळ होईल कुणाचा? विमानाचं तिकीट काढायला निघालेला माणूस चुकून वीस लाखांची गाडी घेऊन घरी येणार नाही. संयुक्त चिन्ह तुकडे करून न पाहता अखंड पाहायचं, हे तत्त्वही कायद्यात आहे.

इंडिगोला मात्र गोंधळ सिद्ध करण्याची गरज असतेच असं नाही. कायद्याच्या कलम २९(४) मध्ये नावाजलेल्या चिन्हाला वेगळं संरक्षण आहे. वस्तू अगदी वेगळी असली तरी त्या चिन्हाच्या लौकिकाचा कुणी गैरफायदा घेत असेल किंवा त्याचं वेगळेपण पुसट करत असेल, तर मालकाला अडवता येतं. '६ई' एवढं नावाजलेलं आहे का, आणि मोटारीवर आल्याने ते पुसट होतं का, असा हा वाद होता.

महिंद्राच्या निवेदनातला एक मुद्दा मला सगळ्यात बोलका वाटतो. एक आकडा आणि एक अक्षर यांची जोडी कुणाच्या एकट्याच्या मालकीची होऊ देणं घातक आहे, तसा पायंडा पडता कामा नये, अशा आशयाचं कंपनी बोलली. मला हे पूर्ण पटतं. दहा आकडे आणि सव्वीस अक्षरं, जोड्या मोजक्याच. पण हाच युक्तिवाद महिंद्राच्या निवडीवर उलटतो. ही जोडी कुणाचीच खासगी मालमत्ता असू नये म्हटलं, की ती तुमचीही असू शकत नाही. स्कॉर्पिओबद्दल असं कुणी म्हणणार नाही. तो शब्द मोटारीच्या संदर्भात उच्चारला की आपल्याकडे एकच गाडी डोळ्यांसमोर येते. जे नाव उद्या शेजाऱ्यालाही वापरता यावं असं तुम्हीच न्यायालयात सांगता, ते आपल्या सर्वोत्तम गाडीला का द्यायचं?

परदेशातही याच वाटेवर ठेचा लागल्या आहेत. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शने नवी गाडी दाखवली ती ९०१ या नावाने. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये आपला हक्क आहे, असं पूजो कंपनीने कळवलं. पोर्शने शून्याच्या जागी एक लिहिला आणि १९६४ पासून ती ९११ झाली. अलीकडे, जानेवारी २०२३ मध्ये, म्युनिकच्या न्यायालयाने चीनच्या निओ कंपनीला जर्मनीत ईएस६ आणि ईएस८ ही नावं वापरण्यापासून रोखलं, कारण ऑडीच्या एस६ आणि एस८ आधीपासून होत्या. महिंद्राच्या नामकरण विभागाला ही उदाहरणं माहीत नसतील, असं मी मानत नाही.

जुना इंडिगो

महिंद्राने आपल्या निवेदनात एक जुनी आठवणही काढली. टाटांची इंडिगो ही सेडान २००२ च्या अखेरीस आली. विमान कंपनी सुरू झाली ऑगस्ट २००६ मध्ये. २००५ साली टाटा मोटर्सने इंटरग्लोबच्या 'इंडिगो' या नावाला हरकत घेतली होती, तरीही इंटरग्लोबने ते नाव वापरणं चालू ठेवलं, असं महिंद्राचं म्हणणं. मोटारीचं आणि विमान कंपनीचं नाव अक्षरशः एकच, तरी दोन्ही वर्षानुवर्षं आपापल्या जागी चालली. टाटा इंडिगोची टॅक्सी करून लोक इंडिगोचं विमान पकडायला गेले आणि कुणाची फसगत झाली नाही. न्यायाच्या दृष्टीने इंटरग्लोबला हा प्रश्न अडचणीचा आहे, आणि महिंद्राने तो काढला हे बरं केलं.

तरीही महिंद्राने माघार घेतली आणि ती घेणं शहाणपणाचं होतं. बुकिंग १४ फेब्रुवारी २०२५ ला उघडायचं होतं, गाड्या त्यानंतर ग्राहकांच्या हातात जायच्या होत्या. माहितीपत्रकं, जाहिराती, गाडीवरची अक्षरं, विम्याच्या आणि आरटीओच्या यंत्रणेतली मॉडेलची नावं हे सगळं डिसेंबरच्या सुरुवातीला बदलणं स्वस्तात पडतं. हजारो गाड्या रस्त्यावर आल्यानंतर न्यायालयाने मनाई केली असती तर चाकणच्या कारखान्यापासून गल्लीतल्या वितरकापर्यंत सगळ्यांची धावपळ झाली असती. दोन मोठ्या भारतीय कंपन्यांनी असल्या वादात शक्ती घालवू नये, हा सूरही योग्य होता.

माझा आक्षेप त्यापुढचा आहे. 'ई' काढल्यावर उरलं काय? 'बीई ६'. आधीच अर्धवट असलेल्या नावाचा एक तुकडा कमी झाला. त्या जागी काहीच आलं नाही.

इथे टाटांचं २०१६ चं उदाहरण समोर ठेवावंसं वाटतं. त्यांची छोटी हॅचबॅक 'झिका' या नावाने येणार होती. 'झिपी कार' या दोन शब्दांतून काढलेलं नाव. १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने झिका विषाणूवरून आणीबाणी जाहीर केली. टाटा मोटर्सने दुसऱ्याच दिवशी नाव बदलणार असल्याचं सांगून टाकलं. ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत गाडी जुन्याच नावाने उभी करावी लागली, पण लोकांकडून नावं मागवली गेली, त्यांतून तीन निवडली, आणि फेब्रुवारी संपायच्या आत 'टियागो' ठरलं. एप्रिलमध्ये गाडी विक्रीला आली. टियागो हे काही फार अर्थपूर्ण नाव नाही. पण ते नाव आहे. मेकॅनिक ते म्हणतो, आजी म्हणते, शाळेतलं पोर म्हणतं. आज ती गाडी मुळात झिका होती हे आठवणारे फारच थोडे. टाटांवरची वेळ अधिक वाईट होती, मुदत अधिक कमी होती, तरी त्यांनी नावाचा प्रश्न पुरता सोडवला. महिंद्राकडे दोन महिन्यांहून जास्त वेळ होता.

आणि महिंद्राला नावं सुचत नाहीत असंही नाही. या घटनेला चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, १५ ऑगस्ट २०२४ ला, त्यांनीच थार रॉक्स आणली. रॉक्सच्या स्पेलिंगला दोन एक्स का लावले हे मला आवडलेलं नाही, पण कानाला ते नाव धडधाकट आहे. तिचं बुकिंग उघडलं तेव्हा पहिल्या तासाभरात पावणेदोन लाखांहून जास्त नोंदण्या झाल्या. त्याला गाडी कारण आहेच, पण 'थार' या एका शब्दाने जमवलेली पुण्याईही आहे.

गाडी चालली, मग नाव कशाला?

हा सरळ प्रश्न आहे आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. १४ फेब्रुवारीला पहिल्याच दिवशी बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मिळून ३०,१७९ नोंदण्या झाल्या, ८,४७२ कोटी रुपयांच्या. त्यांतल्या ४४ टक्के बीई ६ च्या आणि ५६ टक्के एक्सईव्ही ९ई च्या. गाडी तगडी असेल तर लोक नावाकडे काणाडोळा करतात, हे यातून दिसतं. दोन्ही गाड्या खरोखर चांगल्या आहेत. भारतात आखलेल्या, चाकणमध्ये बनणाऱ्या, परदेशी गाडीशेजारी खांदा लावून उभ्या राहतील अशा. म्हणूनच नावाचं इतकं लागतं. सुमार गाडीचं नाव वाईट असलं तर कुणाला काय पडलं आहे?

पण याच गाडीने ऑगस्ट २०२५ मध्ये उलटाही दाखला दिला. महिंद्राने बीई ६ ची बॅटमॅन एडिशन काढली. आधी ३०० गाड्या ठरल्या होत्या, मागणी पाहून ९९९ केल्या, आणि बुकिंग उघडल्यावर त्या १३५ सेकंदांत संपल्या. किंमत २७.७९ लाख, म्हणजे मूळ गाडीच्या वरच्या प्रकाराहूनही जास्त. काळा रंग, सोनेरी पट्ट्या आणि दुर्मीळतेचं आकर्षण, हे सगळं त्यात होतंच. तरी 'मी बॅटमॅन घेतली' असं वाक्य पहिल्यांदाच त्या गाडीच्या मालकाला बोलता आलं. ते नाव उसनं होतं, परवाना घेऊन लावलेलं होतं, आणि तेही मूळ नावापेक्षा जास्त जवळचं वाटलं.

बाजारातल्या इतरांकडे पाहिलं तर रस्ते दोन्ही दिसतात. एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपली इलेक्ट्रिक गाडी विंडसर नावाने आणली आणि ती पुढचे कित्येक महिने देशातली सर्वांत खपाची इलेक्ट्रिक मोटार राहिली. टाटांनी कर्व्हच्या शेवटी दोन 'व्ही' लावून स्पेलिंगचा घोळ घातला, पण तोंडाने 'कर्व्ह' म्हणायला अडचण नाही. ह्युंदाईने सरळ 'क्रेटा इलेक्ट्रिक' म्हटलं. ओळखीचं नाव, पुढे एक शब्द, काम झालं. महिंद्रालाही 'स्कॉर्पिओ'चा आधार घ्यायचा नसेल तर नको, नव्या घराण्याला जुन्याचं ओझं नको हे मी समजू शकतो. मग नवं नाव द्यावं. सह्याद्रीतल्या एखाद्या घाटाचं, पक्ष्याचं, वाऱ्याचं, कुठल्याही भारतीय भाषेतलं, दोन-तीन अक्षरांचं. राजस्थानच्या वाळवंटाचं नाव त्यांनीच एका जीपला दिलं आणि ते देशभर चाललं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महिंद्राची सात आसनांची इलेक्ट्रिक एसयूव्ही आली. तिचं नाव एक्सईव्ही ९एस. या वेळी शेवटी 'ई' नाही, 'एस' आहे. शोरूममध्ये ती ९ई च्या शेजारी उभी असते आणि दोन्हींतला फरक विक्रेत्याला दर वेळी समजावून सांगावा लागतो.